चौदा भोकांची भिंत

मी भिंत बोलतेय, बेंगळुरातल्या एका कापडगिरणीची, कालव्याकडची भिंत. एखादी वस्तू बोलायला लागली की आपण लोकांच्या किती उपयोगी पडलो तेच घोळवत बसते. माझ्याकडून तसलं काही ऐकायला मिळायचं नाही, आधीच सांगून ठेवते. मला एका माणसावर सूड उगवायचा होता. नऊ पावसाळे मी दातओठ खात उभी राहिले. शेवटी सूड झाला, पण मी मनात धरला होता तसा नाही झाला.

एकोणीसशे एकतीस साली माझा पाया खणला. वरच्या तळ्यातून खालच्या तळ्यात जाणारा कालवा इथून वाहतो. कापसाचं सूत मोठं नखरेल असतं, हवा जरा कोरडी झाली की तटातटा तुटतं. म्हणून मालकांनी मुद्दाम पाण्याशेजारची जागा घेतली. बॉयलरला पाणी, सुताच्या कांजीला पाणी आणि हवेत कायम ओल. पण जागा खोलगट होती. मग गाड्यांवर गाड्या माती ओतून आवार पाच हात उंच केलं, आणि ती माती कालव्यात ढासळू नये म्हणून मला बांधलं. खालच्या अंगाला मी माती अडवते आणि वरच्या अंगाला मीच गोदामाची भिंत होते. लांबी साठ हात, अंगावर सगळा घडीव दगड.

मला बांधलं सयाजी मिस्त्रीनं. तेव्हा तो पंचविशीतला होता. त्याचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शिव्या दोन्हीत, असा त्याचा कारभार. चुना घाणीत दळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि हिरडा घालायचा, आणि बोटावर घेऊन बघितल्याशिवाय एक थापी लावू द्यायचा नाही. माझ्या कमरेइतक्या उंचीवर त्यानं दर चार हातांवर एक भोक सोडलं. मूठ आत जाईल एवढं. चौदा भोकं, आणि प्रत्येकाच्या मागं खडी भरलेली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आत पाणी कोंडलं की भिंतीला पोट येतंय. त्या पाण्याला वाट पाहिजे." बाकीच्यांना हे कुठलं ठाऊक! लोकांना वाटायचं मिस्त्रीनं मैनांसाठी घरटी ठेवलीत. मैना राहायच्याही त्यात.

गिरणीत शहाणे फार. मागांच्या शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं केलं आणि काचा सगळ्या उत्तरेला बसवल्या, कारण नकाशा विलायतेहून आला होता आणि विलायतेत दुपारचा सूर्य कधी उत्तरेला जात नाही. इथं मे-जूनमध्ये भर दुपारी तो डोक्यावरून उत्तरेकडं कलतो आणि ऊन थेट मागांवर उतरतं. सयाजीनं ते तेव्हाच सांगितलं होतं, पण नकाशापुढं मिस्त्रीला कोण विचारतो? दर उन्हाळ्यात काचांना चुना फासायला त्यालाच वर चढवायचे. तो मुकाट्यानं चढायचा. हा त्याचा स्वभाव लक्षात ठेवा.

पंचवीस वर्षं बरी गेली. कालव्यापलीकडं, अगदी माझ्यासमोर, कामगारांच्या खोल्यांच्या लाइनी उभ्या राहिल्या. त्यातल्या एका खोलीत सयाजी आणि त्याची मुलगी चंपा राहायची. चंपा रीळिंग खात्यात सूत गुंडाळायला जायची. शेजारच्या खोलीत बसवंत आणि त्याची बायको गंगव्वा, बेळगावकडची माणसं. बसवंत गोदामात हमाल. दोन्ही घरांचा चांगला घरोबा होता. गंगव्वा सयाजीला अण्णा म्हणायची, भाकरी थापली की पहिली त्याच्याकडं पाठवायची.

मग सत्तावन्न साल उजाडलं आणि गिरणीचा रौप्यमहोत्सव आला. पाहुणे कालव्यावरच्या नव्या पुलावरून येणार, म्हणजे पहिलं दर्शन माझं. गिरणीचा इंजिनिअर मधुकरराव नुकताच पुण्याहून आलेला, पांढरी पँट, टाय, बोलण्यात तोरा. माझ्या भोकांखाली तांबूस ओघळ होते, थोडं शेवाळ होतं. ते बघून त्यानं नाक मुरडलं.

"काय हे मिस्त्री! किती अग्ली दिसतंय. गेस्ट लोकांचं पहिलं इम्प्रेशन काय होईल?"

"सायेब, आतलं पाणी त्यातनं जातंय."

"फोटो निघणार आहेत. सगळं प्लेन पाहिजे. भोकं पॅक कर आणि वरून दोन इंच सिमेंटचा गिलावा मार."

"स्वल्प ऐका सायेब. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट बसत नाही. आणि भोकं बुजवली तर..."

"इंजिनिअर कोण आहे? तू का मी?"

सयाजी जमिनीकडं बघत म्हणाला, "सरी, सायेब."

हा 'सरी' शब्द आमच्या माणसांच्या जिभेवर फार लवकर येतो. ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या हातांनी चौदाच्या चौदा भोकांत दगड ठोकले, सिमेंट भरलं आणि मला वरपासून खालपर्यंत लिंपून टाकलं. मला राग आला तो मधुकररावाचा. सयाजीचा नाही आला, कारण त्याच्या हातांची मला सवय होती. महोत्सव थाटात झाला. फोटोत मी गुळगुळीत दिसते म्हणे.

त्याच ऑक्टोबरात हस्ताचा पाऊस तीन दिवस कोसळला. आवारातलं सगळं पाणी माझ्या पाठीशी येऊन थांबलं. जायला वाट नाही. माती फुगली, जड झाली, आणि ते ओझं मला ढकलायला लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गोदामाच्या फरशीतून पाणी वर यायला लागलं. बसवंत एकटाच खालच्या गासड्या ओढून बाजूला करत होता, कापूस भिजू नये म्हणून. मी जीव खाऊन धरून ठेवलं, खरंच ठेवलं. पण माझा बारा हातांचा तुकडा, तीन भोकांसकट, कालव्याकडं गेला. वरच्या गासड्यांची थप्पी त्याच्यामागून गेली आणि बसवंत तिच्याखाली गेला. मला त्या माणसाला मारायचं नव्हतं हो!

मालकांनी चौकशी नेमली. भगवंतराव नावाचे एक निवृत्त ओव्हरसिअर येणार होते. आदल्या दिवशी मधुकररावानं सयाजीला माझ्यासमोरच्या पायवाटेवर गाठलं. त्याला वाटलं इथं ऐकायला कुणी नाही.

"हे बघ मिस्त्री, भोकांचा विषय काढलास तर पुढचा प्रश्न येईल, बुजवली कुणी? थापी तुझी, हात तुझे. जेलमध्ये तू जाशील. त्यापेक्षा चुना कच्चा पडला म्हण. चूक होते माणसाची. तुझी नोकरी जाईल, पण चंपाची राहील आणि खोली तिच्या नावावर करून देतो."

दुसऱ्या दिवशी भगवंतराव छत्री टेकत आले. मधुकररावानं माझ्याकडं बोट केलं. "जुनं चुन्याचं बांधकाम आहे, कच्चं. उरलेली भिंत माझ्या सिमेंटमुळंच उभी आहे. त्याला कुणी हात लावू नये."

मला कच्ची म्हणाला! माझे पडलेले दगड तिथंच कालव्यात पडले होते, दोन-दोन तीन-तीन एकमेकांना चिकटलेले. एवढं पडूनसुद्धा चुन्यानं दगड सोडला नव्हता. जरा वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं. कुणी वाकलं नाही.

भगवंतरावांनी विचारलं, "काय मिस्त्री, चुना कच्चा होता?"

सगळी लाइन पुलावर जमली होती. गंगव्वा पांढऱ्या कपाळानं पुढं उभी होती. सयाजीनं पुलावरच्या चंपाकडं बघितलं. मग म्हणाला, "आसंल, सायेब."

त्या दिवशी मी शपथ घेतली. मधुकरराव, तू कधी ना कधी माझ्याखाली सापडशील आणि तेव्हा मी अंग सोडीन.

पडलेल्या जागी त्यानं विटा-सिमेंटचं ठिगळ लावलं. आणि ऐका, त्या ठिगळात तळाशी, गवताआड, त्यानं गुपचूप एक लोखंडी नळ ठेवला, आतलं पाणी बाहेर सोडायला. म्हणजे खरं कारण त्याला कळलेलं होतं! तोंडानं चुन्याला शिव्या आणि हातानं नळ. तो नळ बघितला आणि माझ्या रागाला पारावार राहिला नाही.

सयाजीला गिरणीतून काढलं. दगडाचं काम त्याला कुणी देईना. जयनगरात नवी नवी घरं उठत होती, तिथं तो भिंतींना चुना लावायला जायचा. ज्याच्या हाताखाली दहा गवंडी होते तो माणूस बादली आणि ब्रश घेऊन फिरत होता. गंगव्वाला नवऱ्याच्या जागी रीळिंगमध्ये घेतलं. नऊ वर्षं ती सयाजीशी एक शब्द बोलली नाही. त्यानं लाइनीतल्या पाण्याच्या नळाला हात लावला की नळ धुऊन मग पाणी भरायची. रोज सकाळी दार उघडलं की त्याच्या दाराकडं बघून थुंकायची. चंपा आणि ती एकाच ओळीत बसून सूत गुंडाळायच्या, पण मध्ये जशी काही मीच उभी होते. सयाजी हे सगळं बघायचा आणि मान खाली घालून कामाला जायचा.

मी मात्र स्वस्थ बसले नाही. सिमेंटखालून लोणा काढला, गिलाव्याला फुगे आणले, मधुकरराव खालून गेला की ढलपी सोडायची. एकदा त्याच्या टोपीवर बरोबर बसली. दर वर्षी तो मला पुन्हा लिंपायचा आणि मी पुन्हा सोलून काढायची. तो वर चढत चीफ इंजिनिअर झाला. मी वाट बघत राहिले.

सहासष्ट साली त्याचा तो चोरटा नळ सरकीच्या कोंड्यानं आणि कापसाच्या धुळीनं तुंबला. ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला आणि पाणी पुन्हा माझ्या पाठीशी साठलं. मला पोट आलं. गिलाव्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली. मधुकरराव रोज सकाळी छत्री घेऊन माझ्या पोटाखाली उभा राहायचा, सिगरेट ओढत विचार करायचा. काय संधी होती! एकदा अंग सोडलं की झालं.

पण गोदामात आता गासड्या नव्हत्या. सत्तावन्नच्या अपघातानंतर कापूस नव्या शेडमध्ये नेला आणि इथं रीळिंग खातं बसवलं होतं. माझ्या आतल्या अंगाला टेकून चाळीस बायका सूत गुंडाळत होत्या. गंगव्वाची पाठ तर माझ्या दगडाला लागायची. मी पडले तर फरशीसकट त्या सगळ्या जाणार. तो मेला तर मेला, पण ह्यांचं काय? माझा सूड माझ्याच घशात अडकला. चार दिवस मी थरथरत धरून ठेवलं.

चौथ्या दिवशी दुपारी सयाजी जयनगरहून परत येत होता, पाऊस म्हणून काम बंद पडलेलं. पुलावर आला आणि थबकला. त्यानं माझं पोट बघितलं. बादली तिथंच ठेवून तो खाली आला. मधुकरराव माझ्याखालीच होता.

"सायेब, पोट आलंय. आज जाईल ही."

"तू कशाला आलास इथं? पॅच मारायला सांगितलंय मी."

"पॅच नको सायेब. भोकं उघडाय पाहिजेत. आत बायका हायत."

"हळू बोल. नऊ वर्षांपूर्वीचं विसरलास काय? पुन्हा तोच प्रश्न निघेल."

वरच्या झरोक्यातून चंपाचं हसणं ऐकू आलं. कसल्यातरी गमतीवर ती मोठ्यानं हसत होती. सयाजीनं वर बघितलं. मग तो जन्मात ओरडला नसेल एवढ्यानं ओरडला, "चंपा! समद्या बाहेर या! भिंत येतीय, भिंत!"

आत एकच गलका झाला. बायका गेटातून धावत पुलावर आल्या. डागडुजीसाठी आणलेली पहार पायवाटेवर पडली होती, ती सयाजीनं उचलली. मधुकरराव ओरडला, "वॉचमन! पकडा ह्याला!" वॉचमननं एकदा माझ्या पोटाकडं बघितलं आणि तो जागचा हलला नाही.

सयाजीनं पावलं मोजली, थांबला आणि पहार घातली. तिसऱ्या घावाला गिलाव्याचा मोठा पापुद्रा खाली आला. दगड उचकटला आणि आतून पाणी उसळलं. लाल, घाण, कुजक्या वासाचं पाणी सरळ मधुकररावाच्या छातीवर बसलं. पांढरी पँट, टाय, सगळं न्हाऊन निघालं. आहाहा! काय सांगू, काय बरं वाटलं मला!

गंगव्वा पुलावरून खाली आली. वाहत्या भोकाकडं बघत राहिली. नऊ वर्षांनी ती सयाजीशी बोलली.

"ह्यात मैना बसायच्या. तीच का ही?"

"व्हय."

"ही उघडी असती तर?"

"तर बसवंत जित्ता असता."

"बुजवली कुणी?"

मधुकरराव तोंड पुसत मध्येच म्हणाला, "हे बघा बाई, हा टेक्निकल विषय आहे..."

"मी बुजवली," सयाजी म्हणाला. "ह्या हातांनी. सायबांनी सांगितलं आणि मी सरी म्हटलं. चुना कच्चा नव्हता, गंगव्वा. तेबी मी खोटं बोललो. जेलला भ्यालो."

चंपा तोंडावर पदर धरून बापाकडं बघत होती. गंगव्वानं सयाजीच्या हातातून पहार ओढून घेतली. मला वाटलं आता एकाचा मुडदा पडणार. खरं सांगते, मला ते चाललं असतं. तिनं आधी सयाजीकडं बघितलं, मग मधुकररावाकडं. आणि पहार मधुकररावासमोर धरली.

"धर. बाकीची तू फोड."

"मी? अहो, माणसं बोलावतो मी."

"तू सांगितलंस आणि ह्यानं केलं. आता हा सांगंल आणि तू कर. तोवर आम्ही एक बी बाई आत जाणार नाही."

चाळीस बायका खाली उतरून तिच्यामागं उभ्या राहिल्या. मागांवरची माणसंही गेटात जमली होती. पळायला जागा नव्हती. मधुकररावानं पहार घेतली.

सयाजी चार हात चालायचा आणि बोट ठेवायचा, "इथं." मधुकरराव पहार मारायचा. पाणी अंगावर आलं की ठसकायचा. दुसऱ्या भोकापाशी त्यानं पहार टाकली, म्हणाला, हात सोलले. गंगव्वा म्हणाली, "सरी म्हण. ह्यानं म्हटलं होतं." तो इकडं तिकडं बघायला लागला. कुणी त्याच्या बाजूनं बोललं नाही. मग अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "सरी." तीन तर पडूनच गेली होती; उरलेली दहा भोकं, दोन तास, आणि दर भोकाला तिनं त्याच्याकडून 'सरी' म्हणवून घेतलं. मी मोजत होते. अंगातलं ओझं उतरत होतं आणि मला हसू आवरत नव्हतं.

महिन्याभरात तो गिरणी सोडून गेला. हवा मानवत नाही म्हणाला. भगवंतरावांच्या कागदावर अजून चुनाच कच्चा आहे, तो कागद कुणी बदलला नाही. पण लाइनीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला तेवढं पुरे आहे. माझ्या जवळपास राहणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की मला सुंदर करायला येऊ नका. सिमेंट घेऊन आलात तर मी ऐकणार नाही.

सयाजीला गंगव्वानं माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. नाही केलं. थुंकणं थांबलं, एवढंच. अण्णा ती अजून म्हणत नाही, मिस्त्री म्हणते. आणि एक कबूल करते. सयाजीचा मला राग आला नाही असं मी वर म्हटलं, ते खरं नव्हतं. आला होता. तो राग लपवायला मला मधुकरराव बरा सापडला होता. गंगव्वानं मात्र दोघांनाही सोडलं नाही, आणि तिचंच बरोबर होतं.

दर वर्षी पाऊस लागायच्या आधी ती त्याचं दार वाजवते. "मिस्त्री, चला." दोघं पायवाटेनं येतात. तो गज घालून एकेक भोक साफ करतो, ती मागं उभी राहून बघते. बोलत नाहीत.

यंदा, एकोणसत्तर साली, त्याच्या डोळ्यांनी दगा दिलाय. मोतीबिंदू पिकलेत. माझ्या अंगावर हात फिरवत फिरवत त्यानं भोकं शोधली. दहा झाली आणि तो गज टेकून थांबला. शेवटचं, अकरावं, त्याला सापडेना, नुसताच दगड चाचपत राहिला. गंगव्वा पुढं आली. तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात नेऊन भोकावर ठेवला. "हे राहिलंय," ती म्हणाली, आणि हात लगेच सोडून दिला.